डाव्या पायाखालचा टक्

नवी सायकल घेऊन नववा दिवस होता. साताऱ्यातला समर्थ मंदिराचा चौक मागे टाकून यवतेश्वरच्या घाटाला लागले, पहिलं वळण घेतलं आणि डाव्या पायाखाली टक् झालं. आवाज बारीकच. पायडलच्या पुढच्या फेऱ्याला पुन्हा टक्. चढावर आपलाच श्वास मोठा ऐकू येतो, पण त्यातूनही तो आवाज वेगळा कळत होता. जरा सपाटी लागली तिथे गेला. चढ सुरू झाला तसा परत आला. त्या दिवशी मी यवतेश्वरापर्यंत न जाता अर्ध्यातून मागे फिरले.

ही सायकल मी माझ्या पैशांनी, माझ्यासाठी घेतली आहे. माझं वय ४७, नोकरी पतसंस्थेत. शाळेत असताना आण्णांच्या, म्हणजे वडिलांच्या, काळ्या सायकलवर हाफ पायडल मारत शिकले. मग लग्न झालं, स्कूटी आली आणि जवळजवळ तीस वर्षं सायकलला हात लागला नाही. लेक शिकायला पुण्याला गेली, सकाळचा वेळ मोकळा झाला, आणि दोन दिवाळ्यांचा बोनस बाजूला ठेवून २६,५०० रुपयांची हायब्रिड सायकल घेतली. ॲल्युमिनियमची फ्रेम, ७०० बाय ३५चे टायर, पुढे तीन आणि मागे आठ असे चोवीस गिअर, दोन्ही चाकांना तारेवर चालणारे डिस्क ब्रेक. रंग गडद निळा. पहिल्या रात्री ती हॉलमध्येच ठेवली होती आणि झोपायच्या आधी दोनदा उठून बघून आले.

म्हणून तो आवाज मनाला फार लागला.

संध्याकाळी दुकानात गेले. तिथल्या मुलाने मागचं चाक उचलून हाताने पायडल फिरवलं. आवाज आला नाही. म्हणाला, "नवीन आहे ना मॅडम, चालवत राहा, बसेल आपोआप. महिन्याने फ्री सर्व्हिसला आणा." दुकानाचं नाव मी लिहीत नाही. हेच उत्तर सकाळी घाटात भेटणाऱ्या आणखी तिघांना वेगवेगळ्या गावांतल्या दुकानांतून मिळालेलं आहे. या "बसेल आपोआप"साठीच मी आज लिहायला बसले.

नव्या सायकलमध्ये काही गोष्टी खरंच बसतात. गिअरची आणि ब्रेकची तार घ्या. पहिल्या आठवड्यात तार ताणली जाते असं सगळे म्हणतात. तार तशी फारशी ताणत नाही; तिच्यावरचं काळं आवरण टोकाच्या टोप्यांमध्ये नीट जाऊन बसतं आणि तेवढी तार सैल पडते. पहिल्या दिवशी चाकांतून टिण टिण असे आवाज येतात, ते आऱ्यांना बसलेला पीळ सुटल्याचे. दोन-तीन किलोमीटरांत थांबतात. हे झालं बसणं. पण जी गोष्ट ढिली आहे ती चालवून घट्ट होत नाही, आणि वाकलेली सरळ होत नाही. ती चालवून झिजते. कुठला आवाज यातला आणि कुठला त्यातला, हे सायकल विकणाऱ्याने सांगायला हवं. सांगत नसेल तर आपणच शिकून घ्यायला हवं.

दुसरी गोष्ट मला माहीतच नव्हती. आपण दुकानात जी नवी सायकल बघतो ती खोक्यातून अर्धवट येते. खोक्यावर "८५ टक्के जोडलेली" असं छापलेलं असतं. पुढचं चाक, हँडल, पायडल, सीट, ब्रेक आणि गिअरची जुळणी हे सगळं दुकानातला माणूस करतो. सायकल कोणत्याही कंपनीची असो, ती शेवटच्या पंधरा टक्क्यांएवढीच चांगली चालते. त्या माणसाला त्या दिवशी दहा सायकली जोडायच्या असतील तर आपल्या सायकलच्या वाट्याला किती वेळ आला असेल, याचा विचार करा.

रविवारी मी स्वतः शोधायला घेतलं.

आवाज शोधायचा तर आधी तो कशासोबत येतो ते बघायचं. पायडल मारणं थांबवून सायकल नुसती जाऊ दिली तर आवाज बंद. म्हणजे चाकाचा किंवा ब्रेकचा नाही, पायाखालच्या भागाचा. गिअर बदलून पाहिले. हलक्या गिअरमध्ये चाकाचा एक फेरा व्हायला पाय जास्त वेळा फिरतो, जड गिअरमध्ये कमी वेळा. दोन्हीकडे टक् पायाच्या फेऱ्यालाच एकदा होत होतं, म्हणजे चेन आणि मागची दातेरी चक्रंही संशयातून सुटली. सीटवरून उठून उभ्याने मारलं तरी आवाज तसाच, म्हणजे सीट आणि सीटची नळी नाही. हे दोन्ही फार फसवतात. सीटच्या नळीला ग्रीस नसेल तर ती अशी कुरकुरते की पायातच काहीतरी तुटलंय असं वाटावं. पोकळ ॲल्युमिनियमच्या फ्रेममध्ये आवाज कुठला कुठे फिरतो, त्यामुळे कानाला जिथून येतोसा वाटतो तिथे तो असेलच असं नाही.

उरलं डावं पायडल, त्याचा क्रँक म्हणजे पायडलचा दांडा, आणि मधला एक्सल, म्हणजे दोन्ही क्रँक ज्याच्या टोकांवर बसतात तो.

आधी पायडल काढलं. १५ नंबरचा पाना लागतो. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, हे पुष्कळांना माहीत नसतं आणि तिथेच आटे खराब होतात. मी लक्षात ठेवते ते असं: पाना लावल्यावर त्याचं वरचं टोक मागच्या चाकाकडे ढकललं की पायडल सुटतं, कुठल्याही बाजूचं असो. पुढे ढकललं की आवळतं. उलटे आटे नसते तर डावं पायडल आपल्याच चालवण्याने हळूहळू सुटत गेलं असतं. विमान बनवण्याआधी राइट बंधूंचा अमेरिकेतल्या डेटनमध्ये सायकलींचा कारखाना होता, आणि त्यांनीही आपल्या सायकलींच्या डाव्या पायडलला असेच उलटे आटे दिले होते. मला हे वाचून फार बरं वाटलं. उडण्याचा विचार करणारी माणसंही आधी पायडल सुटू नये याचा विचार करत होती.

आमच्या पायडलच्या आट्यांना ग्रीसचा थेंब नव्हता. कोरडेच पिळले होते. पुसून ग्रीस लावलं, परत आवळलं, गल्लीत एक फेरी मारली. टक्.

आण्णा पायरीवर पेपर वाचत होते. वय ७६. गोडोलीला त्यांची पिठाची गिरणी होती, चाळीस वर्षं चालवली. त्यांना ऐकू थोडं कमी येतं असं आम्ही सगळे धरून चाललेलो. मी तिसऱ्यांदा समोरून गेले तसा त्यांनी चष्मा काढला.

"पायडल नाही ते. कॉटर सुटलीय बघ."

"आण्णा, या सायकलला कॉटर नसते."

"नसू दे. आवाज कॉटरचाच हाय."

ज्यांनी जुनी काळी सायकल वापरली आहे त्यांना कॉटर सांगायला नको. एक्सलमध्ये क्रँक अडकवून ठेवणारी ती पाचरीसारखी पिन. तिची एक बाजू तासलेली असते, ती एक्सलच्या खाचेवर दाबून बसते. आण्णा कॉटर घालायचे तेव्हा क्रँकच्या खाली लोखंडी ठोकळा आधाराला देऊन वरून हातोडीने ठोकायचे आणि मग नट आवळायचे. नुसता नट आवळून कॉटर बसत नाही, हे मला दहा वर्षांची असल्यापासून माहीत आहे, कारण ठोकळा धरायचं काम माझं असायचं. नवी कॉटर घातली की चार दिवसांनी परत ठोकायची, हा त्यांचा नेम होता. नाही ठोकली तर टक् टक् सुरू, आणि मग पिन झिजून पायडल खालच्या बाजूला येताना बोटभर रिकामं जायचं.

आण्णा आत गेले आणि स्क्रूड्रायव्हर घेऊन आले, तो लांब, पिवळ्या मुठीचा. गिरणीत बेअरिंग तपासायला ते हाच वापरायचे: टोक यंत्राला लावायचं आणि मूठ कानामागच्या हाडाला. मला म्हणाले, मागचा ब्रेक दाब आणि पायडलवर उभी राहा, फिरवू नको, नुसता भार दे. डावं पायडल पुढे आडवं ठेवून मी त्यावर जोर दिला. त्यांनी स्क्रूड्रायव्हरचं टोक आधी मधल्या एक्सलच्या नळीवर ठेवलं, मग क्रँकच्या मुळाशी. भार दिला, सोडला, दिला, सोडला. क्रँकच्या मुळाशी ठेवल्यावर त्यांनी मान वर केली. दुकानात चाक उचलून हाताने फिरवल्यावर आवाज का आला नाही हेही तेव्हा कळलं. भारच नव्हता, तर आवाज कुठून येणार?

मग खाली बसून दोन्ही क्रँक दोन हातांत धरले आणि फ्रेमकडे आणि बाहेर असे हलवले. दोन्ही एकदम हलले असते तर दोष मधल्या बेअरिंगचा. आमच्यात उजवा गप्प होता. डावा केसभर हलत होता.

क्रँकच्या मुळावरची काळी प्लास्टिकची टोपी नखाने उचकटली. आत एक बोल्ट. या सायकलमध्ये एक्सलचं टोक चौकोनी आणि किंचित निमुळतं असतं, आणि क्रँकला तसंच चौकोनी भोक. बोल्ट आवळत गेलं की क्रँक त्या निमुळत्या टोकावर चढत जातो आणि पाचरीसारखा घट्ट बसतो. म्हणजे आण्णा म्हणत होते ते अक्षरशः खरं होतं: पिन गेली, पण पाचर तीच. एक्सल पोलादाचा आणि क्रँक ॲल्युमिनियमचा. पहिल्या काही फेऱ्यांत मऊ धातू थोडा दबतो, क्रँक सैल होतो, आणि बोल्ट पुन्हा आवळावा लागतो. चार दिवसांनी परत ठोकायची, तसंच. इथे "चालवत राहा" हा सल्ला जहरासारखा आहे. ढिल्या क्रँकवर पायडल मारत राहिलं की कठीण पोलाद मऊ ॲल्युमिनियमचे कोपरे खात जातं. चौकोनी भोक गोलसर झालं की मग कितीही आवळा, तो क्रँक पुन्हा टिकत नाही. नवाच घालावा लागतो. दुकानदाराचं ऐकून मी महिनाभर घाट चढत राहिले असते तर फ्री सर्व्हिसच्या दिवशी मला नव्या क्रँकचं बिल मिळालं असतं. आणि तेही क्रँक चालत्या सायकलवरून निघून आला नसता तर.

बोल्टला ८ नंबरची ॲलन-की लागते. सायकलींसोबत मिळते ती घडीची छोटी हत्यारपेटी इथे उपयोगाची नाही. या बोल्टला साधारण ४० न्यूटन-मीटर जोर हवा. म्हणजे २० सेंटिमीटर लांब दांडीच्या टोकावर वीस किलोचं वजन टांगावं इतका. दांडी सात सेंटिमीटरची असेल तर तोच जोर यायला ५८ किलो लागतील. हाताने ते होणं कठीण. आण्णांकडे लांब दांडीची ॲलन-की होती. क्रँक काढून चौकोन पुसला, कोपऱ्यांवर अंगठा फिरवला. चारही कोपरे अजून धारदार होते. तेवढ्यानेच मला रडू यायचं बाकी होतं. (क्रँक ओढून काढायला वेगळं हत्यार लागतं, आमचा इतका ढिला होता की हातानेच निघाला, यावरूनच काय ते समजा.) परत बसवला, आण्णांनी आवळला. सोमवारी कामावरून येताना एका मोटरसायकलच्या गॅरेजमध्ये थांबले. तिथे टॉर्कचा पाना असतो, म्हणजे ठरवलेला जोर आला की सुटणारा. ४० वर लावून ओढला तर बोल्ट अजून बोटाच्या पेरभर फिरला आणि मग खट् करून पाना सुटला. आण्णांना सांगितलं, तर म्हणाले, "वय झालं, नाहीतर तेवढंही राहिलं नसतं."

टक् गेला. त्यानंतर यवतेश्वरपर्यंत गेले, आणि वर पोचल्यावर वाऱ्याशिवाय कसलाही आवाज नव्हता.

गिअरची गोष्ट याच्या उलट निघाली. तिथे मी स्वतःच बरेच दिवस "बसेल" म्हणत राहिले. मागचे गिअर बदलताना कटकट व्हायची, चेन मोठ्या चक्रावर चढायला नकार द्यायची. तार सैल पडली असेल, म्हणून डिरेलरला, म्हणजे चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणाऱ्या भागाला, जिथे तार शिरते तिथली फिरकी पाव फेरा फिरवली. मागे उभं राहून घड्याळाच्या उलट दिशेने फिरवली की तार ताणते. चेन मोठ्या चक्रावर चढत नसेल तर ताण वाढवायचा, लहान चक्रावर उतरत नसेल तर कमी करायचा. एका वेळी पाव फेरा, त्याहून जास्त नाही, आणि दर वेळी पायडल फिरवून बघायचं. हे जमलं की फार समाधान मिळतं. माझं दोन दिवस टिकलं.

मग लक्षात आलं की वरचे तीन गिअर नीट केले की खालचे तीन बिघडतात, आणि खालचे लावले की वरचे. ही खूण मी लिहून ठेवली आहे. तार सैल असेल तर फिरकीने सगळं जुळतं. एक टोक जुळताना दुसरं बिघडत असेल तर गोष्ट तारेची नाही, काहीतरी वाकलंय.

घाटात सर्वांत हलका गिअर टाकला आणि मागून टर्रर्र असा आवाज आला तेव्हा मी पाय थांबवले, हे माझं नशीब. उतरून बघितलं तर डिरेलरचा खालचा भाग आऱ्यांना घासत होता. आणखी एक जोराचं पायडल मारलं असतं तर तो आऱ्यांत अडकून चाक जागीच अडलं असतं.

डिरेलर फ्रेमला ज्या छोट्या कानाला लटकतो त्याला हँगर म्हणतात. तो मुद्दाम मऊ ॲल्युमिनियमचा करतात, सायकल पडली तर तो वाकावा आणि फ्रेम वाचावी म्हणून. खोकं प्रवासात उजव्या अंगावर आपटलं की हाच आधी वाकतो, आणि खोक्याला ओरखडासुद्धा नसतो. ओळखायचं कसं? सायकलच्या मागे उकिडवं बसायचं, डोळा चाकाच्या रेषेत आणायचा. डिरेलरची दोन छोटी चाकं एकाखाली एक, वरच्या दातेरी चक्राच्या पातळीत सरळ दिसली पाहिजेत. माझ्या सायकलचं खालचं चाक आऱ्यांकडे झुकलेलं होतं. एकदा दिसल्यावर मला दुसरं काही दिसेनाच. महिनाभर मी रोज सायकल पुसत होते, पण मागून बसून एकदाही बघितलं नव्हतं.

आमच्या सकाळच्या गटातला एक इंजिनिअरिंगचा मुलगा हँगर सरळ करायचं हत्यार घेऊन घरी आला. डिरेलर काढून त्याच्या जागी एक लांब हात पिळून बसवायचा, तो हात रिमच्या चार बाजूंना फिरवून प्रत्येक ठिकाणी अंतर बघायचं. एका बाजूला रिमपासून चार मिलिमीटर, समोरच्या बाजूला तब्बल सतरा. त्याने तो हात हळूच ओढला, मोजलं, परत थोडा ओढला. घाई केली तर हँगर मोडतो. वीस मिनिटांत चारही बाजू जुळल्या. मग आतल्या गिअरची मर्यादा ठरवणारा स्क्रू तपासला, चेन कधीच आऱ्यांवर जाऊ नये म्हणून. पैसे घेतले नाहीत त्याने, आईने केलेल्या कंदी पेढ्यांवर भागलं. एक जादा हँगर मात्र मागवून ठेवला. प्रत्येक फ्रेमचा हँगर वेगळ्या आकाराचा असतो, एकाचा दुसऱ्याला बसत नाही, त्यामुळे गरज पडेल तेव्हा गावात मिळेल याचा भरवसा नाही.

ब्रेकबद्दल थोडक्यात. पुढचं चाक फिरताना सुर्र सुर्र व्हायचं. सलग घासत असेल तर कॅलिपर, म्हणजे डिस्कवर पॅड दाबणारा भाग, एका बाजूला सरकलेला असतो: त्याचे दोन बोल्ट थोडे ढिले करायचे, ब्रेकची मूठ घट्ट दाबून धरायची आणि दाबलेली असतानाच बोल्ट आलटून पालटून आवळायचे. चाकाच्या फेऱ्यात एकदाच घासत असेल तर डिस्क किंचित वाकलेली असते. माझं पहिल्या प्रकारचं होतं, पाच मिनिटांत मिटलं. पण मग शेजारच्या मुलाने मदत म्हणून चेनला स्प्रे मारला आणि त्याचा फवारा मागच्या डिस्कवर गेला. दुसऱ्या दिवशी उतारावर मागचा ब्रेक किंचाळला आणि धरेना. डिस्क स्पिरिटने पुसली, पॅड मात्र तेल पितात, ते बदलावेच लागले. नवे पॅड घातल्यावर सपाट रस्त्यावर वीसेक वेळा वेग घेऊन, चाक न अडवता, हळू होईपर्यंत ब्रेक दाबायचा. त्याशिवाय पॅड डिस्कला धरत नाहीत. नव्या सायकललाही पहिल्या दिवशी हे करावं लागतं. मला कोणीच सांगितलं नव्हतं, आणि मी पहिल्याच रविवारी घाट उतरले होते. सायकल विकताना एवढं एक वाक्य तरी सांगायला काय हरकत आहे? घाटाच्या गावात सायकल विकता ना?

हँडलचं एक तपासून घ्या. पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढेमागे हलवायची आणि दुसऱ्या हाताची बोटं हँडलखालच्या बेअरिंगपाशी ठेवायची. तिथे ठक् जाणवलं तर ते ढिलं आहे. आवळताना क्रम महत्त्वाचा: आधी हँडलच्या बाजूचे दोन बोल्ट ढिले, मग वरचा टोपीचा बोल्ट थोडा आवळायचा, हँडल अडकून न फिरता सहज वळतंय ना ते बघायचं, आणि मग बाजूचे घट्ट. बाजूचे आवळलेले असताना वरचा कितीही पिळा, काही होत नाही.

चाकाचा आउट, म्हणजे फिरतानाची डगमग, मी पंक्चरवाल्या मामांकडून काढून घेतला. त्यांना गिअर आणि डिस्कमध्ये रस नाही, पण आरे त्यांना हातावरच्या रेषांसारखे कळतात. दोन दोन आरे बोटांनी चिमटत चाक फिरवतात आणि ढिला आरा आला की थांबतात. मग बोटाने छेडून ऐकतात. मागच्या चाकाच्या उजव्या बाजूचे आरे डाव्यापेक्षा जास्त ताणलेले असतात, त्यामुळे त्यांचा सूर वरचा लागतो. एका बाजूचे सगळे आरे एका सुरात यायला हवेत. मामा म्हणाले, "ताई, नव्या चाकाचा आउट दोन-तीनशे किलोमीटरनंतर एकदा काढला की मग वर्षभर बघायला नको." साठ रुपये घेतले दोन्ही चाकांचे. त्यांच्याकडे मी जादा टायर मागितला तेव्हा त्यांनी २८चा काढला, आणि माझ्याही टायरवर २८ लिहिलेलं आहे. बसला नाही. जुन्या काळ्या सायकलच्या २८ इंची रिमचा व्यास ६३५ मिलिमीटर आणि या ७००च्या रिमचा ६२२. टायरच्या कडेला बारीक अक्षरांत ३५-६२२ असा आकडा असतो, विकत घेताना तोच वाचा.

क्रँकवर परत येते, कारण पुष्कळ जणी विचारतात की परत ढिला झाला तर कळणार कसं. मी बोल्ट आवळल्यावर त्याच्या डोक्यावरून क्रँकवर अशी एक सरळ रेघ नेलपॉलिशने ओढली. बोल्ट जरा जरी फिरला तर रेघ तुटलेली दिसते. बोल्ट न फिरता क्रँक सैल होऊ शकतो, म्हणून दर रविवारी दोन्ही क्रँक धरून हलवूनही बघते. पन्नास किलोमीटरनंतर टॉर्कच्या पान्याने एकदा पाहिलं, किंचित फिरला. त्या वेळी जुनी रेघ पुसून नवी ओढली. दीडशेनंतर पाहिलं, जागचा हलला नाही. त्यानंतर पाना लावलेला नाही. उगाच पुन्हा पुन्हा आवळत गेलं तर क्रँक निमुळत्या टोकावर चढतच राहतो आणि एक दिवस चिरतो.

रेघ लाल आहे. सकाळी मी बूट घालत असते तेव्हा आण्णा चष्मा लावून सायकलच्या डाव्या बाजूला वाकतात. काल मीटरवर ४१२ किलोमीटर झाले होते. ते उठून उभे राहिले, हात झटकले आणि म्हणाले, "जुळलीय. जा आता, ऊन व्हायच्या आत ये."